तळहाताची ऊब

रविवारी सकाळीच अ‍ॅम्प्लिफायरच्या दुकानातली ऐकायची खोली भरून गेली होती. खाली जाड गालिचा, भिंतींना मखमली पडदे, समोर दोन स्पीकर. आयुष्यभर मोजमाप करून पूल बांधलेले एक निवृत्त इंजिनिअर मोजपट्टी घरी ठेवून, डोळे मिटून पहिल्या रांगेत बसले होते.

“हा जुन्या काचेच्या व्हॉल्व्हचा, उबदार आवाजाचा अ‍ॅम्प नाही बरं,” दुकानदार म्हणाला. लोक त्याला कानमहाराज म्हणत आणि त्याला ते आवडे. “आत साधे ट्रान्झिस्टर. जातीनं थंड. पण मी यांना वर्षभर आलाप ऐकवलेत. आता ऊब मुरलीय.”

त्याने अ‍ॅम्पच्या पेटीवर तळहात ठेवला. गाणं भरदार झालं आणि खोलीभर “वाहवा” उमटली.

कोपऱ्यात दुकानाचा मेकॅनिक उभा होता. त्याच्या खिशात रिमोट होता. महाराजांचा हात टेकला की त्याचा अंगठा आवाज जरासा वाढवी, कुणाला कळणार नाही इतकाच. थोडा मोठा आवाज कानाला गोड लागतो, त्यातला खर्ज भरलेला वाटतो. एवढीच ती सिद्धी. आपण पाप करतोय हे त्याला दर रविवारी वाटे, तरी अंगठा चालतच राही.

तेवढ्यात दारातून त्याची थोरली बहीण आत आली. तिच्या हातात चादरीत गुंडाळलेला जुना अ‍ॅम्प होता, मागे तिची शाळेत विज्ञान शिकवणारी मुलगी. मेकॅनिकने अ‍ॅम्प लगेच ओळखला. तो अ‍ॅम्प त्याच्या भाऊजींनी स्वतः सोल्डरिंगचे डाग देऊन जोडलेला होता. भाऊजी वर्षापूर्वी गेले.

“दाढी करताना ते गुणगुणायचे, त्याची कॅसेट आहे,” ताई महाराजांना म्हणाली. “ते गेल्यापासून आवाज कसा पत्र्यासारखा येतो. हा घ्या बदल्यात आणि उबेचा द्या.”

“मृताच्या हातचं यंत्र सुतक धरतं, ताई,” महाराज कळवळून म्हणाले. “हे भंगारात जाऊ दे.”

कॅसेट आधी जुन्यावर वाजली, मग नव्यावर. महाराजांनी तळहात टेकला आणि सवयीचा अंगठा सवयीने दाबला गेला. ताईच्या डोळ्यांना धार लागली. “हेच,” ती म्हणाली. “हेच ते.”

मेकॅनिकला स्वतःचा अंगठा तोडून टाकावासा वाटला.

“मला शंका आहे,” भाची म्हणाली. “दोन्हींवर चादर टाकू. मोबाइलवर मोजून आवाज सारखा करू. मग कुठला कोणता ते लोकांनी सांगावं.”

“अविश्वास दाखवला की सूर रुसतो, बाई.”

“रुसू दे. आणि मामा, खिशात तुझा अंगठा हलताना दिसला; तू हात बाहेर काढून उभा राहा.”

मामाने हात बाहेर काढला. हातात रिमोट होता. तो त्याने सगळ्यांदेखत टेबलावर ठेवला. “आवाज मीच वाढवत होतो,” तो म्हणाला. “दर रविवारी.”

मग चादरीखालून दोन्ही अ‍ॅम्प वाजले. अर्धे लोक एकाला उबदार म्हणाले, अर्धे दुसऱ्याला. इंजिनिअरांनी तर एकाच अ‍ॅम्पला दोनदा वेगवेगळा शेरा दिला आणि कान खाजवला. “अ‍ॅम्पमध्ये थोडाफार फरक असू शकतो,” भाची म्हणाली. “पण घेताना स्पीकरला पुरेल एवढी ताकद बघा, दुरुस्ती होते का विचारा, आणि आवाज सारखा करूनच तुलना करा. तळहाताने काही होत नाही.”

“पण घरी पत्र्यासारखा येतो, तो मला भास होतो का?” ताईने विचारलं.

मेकॅनिक जुना अ‍ॅम्प उचलून तिच्या घरी गेला. वर्षभरात तो त्या खोलीत बसलाच नव्हता. कॅसेट लावली, आवाज खरंच पत्र्यासारखा घुमत होता. त्याने टाळी वाजवली, तर ती उघड्या भिंतींवरून परत आली. सतरंजी, पडदे, पुस्तकांची कपाटं, कापसाची गादी, सगळं भाऊजी गेल्यावर त्यानेच तिथून हलवलं होतं. बहिणीच्या डोळ्यांसमोर त्यांच्या आठवणी नकोत, म्हणून घाईघाईने, तिला न सांगता.

त्याने घरातल्या सगळ्या गोधड्या काढून खुर्च्यांवर आणि दारांवर टाकल्या, तसं घुमणं विरलं. भाऊजी पुन्हा जवळून गुणगुणू लागले. अ‍ॅम्प तोच होता.

“ताई, मी चुकलो,” तो म्हणाला. “दुकानातही, इथेही.”

ताईने गाणं संपू दिलं.

“मला वाटायचं, ते लांब गेले म्हणून आवाज लांबून येतो,” ती म्हणाली. “सामान हलवताना तू मला विचारलं नाहीस. आवाज का बदलला, ते मी तुला विचारलं नाही. आपण दोघंही विचारत नाही, म्हणून असल्या महाराजांचं फावतं.”