मधल्या थप्पीतला हात

बंदराच्या गोदामात येणाऱ्या-जाणाऱ्या शेंगदाण्यांच्या पोत्यांना टोचून नमुने काढायची नोकरी त्याला सासऱ्यांमागून मिळाली, आणि सोबत त्यांची पोकळ पितळी सळईही. म्हातारे हयातभर त्याचं डोकं खात: बुरशी दाराशी पाहुणीसारखी बसत नाही, मधल्या थप्पीत दबा धरते, तिथं टोचा. पण थप्पी उपसायची म्हणजे हमालांची मनधरणी आणि कंबरेचा निकाल. म्हातारे गेले, तसा जावई दाराशीच टोचू लागला.

त्या दुपारी एक माल समुद्रापलीकडून परत आला. यानेच पास केलेला. तिकडच्यांनी मधलं पोतं उघडलं, तर सगळ्या देशांनी मिळून ठरवलेल्या मर्यादेच्या कितीतरी वर बुरशीचं विष.

"तिकडचे नखरे हो," व्यापारी म्हणाला. "आपल्या लोकांची पोटं लोखंडाची. इथल्या बाजारात खपेल. दोन पोती टोचा, सही करा, चहा घ्या."

त्याच बाजारातून बायको दाणे आणायची आणि कुटून लेकीला भरवायची. तरी त्याने सवयीने दाराशीच सळई रोवली. ती शिरेना. दुसऱ्या पोत्यातही नाही. मग हट्टी बकरीसारखी तिनंच त्याला ओढत मधल्या थप्पीपाशी नेलं आणि मुठीपर्यंत आत घुसली. बाहेर मात्र येईना. आतून कुणीतरी धरली होती. पकड ओळखीची होती.

"दमलात का, जावईबापू?" पोत्यातून आवाज आला.

"सोडा हो, मामा. लोक बघतायत."

"नातीचं पोट लोखंडाचं आहे का, ते सांगा आधी."

"नाही."

"पलीकडच्या किनाऱ्यावरच्या पोरीचं होतं?"

मग पकड एकेक बोट करत सैल झाली. सळईतून हिरवट दाणे घरंगळले, मुठीत धरल्यासारखे कोमट.

"कुणाशी बोलताय?" व्यापाऱ्याने विचारलं.

"सासऱ्यांशी."

"ते तर गेले ना?"

"मलाही तसंच वाटलं होतं."

त्याने ते दाणे पिशवीत भरून लाखेची मोहोर लावली आणि नमुना प्रयोगशाळेत धाडला. निकाल लागेपर्यंत एक पोतंही हलू दिलं नाही. व्यापाऱ्याने नोकरी घालवायची धमकी दिली, पण माल अखेर भट्टीत गेला.

निकालाच्या संध्याकाळी तो हलक्या मनाने घरी आला. सळई कोपऱ्यात उभी केली. बायको लेकीपुढे वाटी ठेवत होती.

"हे दाणे कुठले?" त्याने विचारलं.

"असं काय करता? मागच्या महिन्यातले. तुम्हीच पास केलेले."

कोपऱ्यातली सळई हळूच वाटीकडे कलली.

त्याने लेकीच्या हातातून वाटी काढून घेतली. ती भोकाड पसरून रडू लागली. बायको बघतच राहिली. त्याला मात्र पितळेच्या पोकळीतून म्हाताऱ्याने घसा साफ केल्याचं स्वच्छ ऐकू आलं, आणि मागोमाग ओळखीची नसलेली कितीतरी लेकरं रडताना.