सातव्या वळणावरचे तडे

पितळी पाटी साहेबांनी स्वतः गुंडाळून आणली, स्वतः कागद फाडला आणि पार्कमधल्या नव्या भूतबंगल्याच्या दारावर चार स्क्रूंनी स्वतःच बसवली. ‘संकल्पना, रचना आणि सर्व बारकावे’, आणि खाली एकच नाव. साहेबांचं. स्टूल धरून उभ्या असलेल्या रंगाऱ्याने पाटी एकदा वाचली, मग परत वाचली. एका नावाची दोन काही होईनात.

रंगारी म्हणजे साहेबांच्या थोरल्या बहिणीचा नवरा. दोन नावं टाकू, असं साहेबांनी ताईच्या ताटात जेवून, ताईच्या देखत कबूल केलं होतं.

“पाटी लहान पडली, दाजी,” साहेब खाली उतरत म्हणाले. “आणि घरातल्या घरात नाव कशाला?”

“खरंय,” रंगारी म्हणाला आणि गोड हसला. इतकं गोड, की बायकोने पाहिलं असतं तर तिने भावाला तिथल्या तिथे गाव सोडायला लावलं असतं.

आता या बंगल्यात साहेबांचं काय होतं? नकाशा होता. रूळ कुठून जाणार, डबे कुठे वळणार, हे त्यांचं. पण आत जो कोणी मेला होता, त्याला मारला रंगाऱ्याने. बंगल्याचं भूत म्हणजे एक म्हातारा, आणि त्याचा डावा पाय अधू होता, हे त्याने ठरवलं. म्हणून जिन्यावरचं कार्पेट डावीकडेच घासलेलं, म्हणून दारातल्या जोडातला डावाच बूट पुढून फाटलेला. टेबलावर बोटभर धूळ, आणि त्या धुळीत नुकतीच कुणी तरी ओढलेली एक रेघ. डबा तिथून दोन सेकंदांत पुढे जातो, कोण बघतंय, असं कुणी म्हटलं की रंगारी म्हणायचा, बाराव्यांदा बसलेलं पोर बघतं.

आणि हे सगळं त्याने बुटक्या स्टुलावर बसून केलं. डब्यात बसलेल्या माणसाची नजर जिथे असते, तिथूनच भिंत रंगवायची, ही त्याची जुनी खोड. साहेब मात्र डब्यात कधी बसलेच नाहीत. छताचे पांढरे दिवे लावायचे, हातात तक्ता घ्यायचा आणि उभ्याने चालत खुणा करत सुटायचं. बसणं हे गिऱ्हाइकाचं काम, म्हणायचे.

उद्घाटनाला आठ दिवस होते. रंगाऱ्याने स्टूल उचललं आणि सातव्या वळणावर जाऊन बसला.

पार्कच्या मालकीणबाईंना एक सवय होती. कुठल्याही खोलीत शिरल्या की आधी दिवा बंद करायच्या, मग आत कोण बसलंय ते बघायच्या. रंगाऱ्याने भिंतीवर तडे काढायला घेतले. उभ्याने पाहिलं तर नुसते तडे, ओल, पोपडे. पण बसून, वळणाच्या नेमक्या ठिकाणाहून, जांभळ्या दिव्यात पाहिलं की त्याच तड्यांतून मालकीणबाई उभ्या राहायच्या. केस मोकळे, डोळे बटाट्याएवढे, आणि कुणी हिसकावून घेईल म्हणून छातीशी घट्ट धरलेला एक बल्ब. पहिल्यांदा डब्यात बसून पाहिलं तेव्हा रंगारी एवढा हसला की डबा रुळावर हलायला लागला.

साहेब तपासायला आले. पांढरा दिवा, तक्ता, खूण. “चांगलंय. उजवीकडे थोडे कमी वाटतायत, अजून चार काढा.”

रंगाऱ्याने साहेबांचा मान राखला. चार तड्यांत बाईंना दुसरी हनुवटी आली.

उद्घाटनाच्या दिवशी पेपरवाले आले, घरचे आले. साहेब नवा कोट घालून दारात उभे राहिले आणि म्हणाले, आतलं प्रत्येक जळमट आपल्या डोक्यातून निघालंय.

“साहेब,” मागून रंगाऱ्याने अगदी नम्रपणे विचारलं, “सातव्या वळणावरचे तडेसुद्धा?”

“त्यांची तर जागा न् जागा मी सांगितलीय.”

पेपरवाल्यांनी लिहून घेतलं. मालकीणबाई पहिल्या डब्यात बसून आत गेल्या. चार मिनिटांनी बाहेर आल्या आणि उतरल्याच नाहीत.

“सातव्या वळणावर मी आहे,” त्या म्हणाल्या.

“बाई, तुमची प्रेरणा तर सगळीकडेच आहे,” साहेब लवून म्हणाले.

“बसा.”

साहेब बसले. डबा दोघांना घेऊन पुन्हा आत गेला. परत आला तेव्हा साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

“मी नाही हो केलं,” ते म्हणाले. “आई शप्पथ, यातला एकही तडा माझा नाही. सगळं दाजींनी केलंय.”

“तडे त्यांचे. बरं. मग जिन्यावरचं कार्पेट डावीकडेच का झिजलंय?”

साहेबांनी बराच विचार केला. “त्या बाजूने ऊन येतं.”

“बंगल्याला खिडकी नाही,” मालकीणबाई म्हणाल्या.

पेपरवाल्यांनी हेही लिहून घेतलं. गर्दीतल्या बहिणीने आपल्या भावाकडे असं पाहिलं, की पुढचे कित्येक रविवार त्याला जेवायला बोलावणं येणार नाही, हे सगळ्यांना कळलं.

बाईंनी रंगाऱ्याला पुढे बोलावलं. भिंतीवरचं तोंड आजच्या आज पुसायचं, म्हणाल्या, आणि असली थेरं पुन्हा केलीस तर घरी बसशील. पुसतो, म्हणाला. ती पाटी काढायची. काढतो, म्हणाला. आणि तुझ्या नावाची बसवायची.

दहा वर्षं हेच ऐकायला रंगारी तडफडत होता. त्याने दाराकडे पाहिलं, मग कोटाची बटणं चाचपत उभ्या असलेल्या मेहुण्याकडे.

“माझं नाव नको, बाई,” तो म्हणाला. “नुसती काढतो.”

स्टूल साहेबांनाच धरायला लावलं. चारही स्क्रू सावकाश, शीळ घालत काढले. पाटी साहेबांच्या हातात दिली आणि खिशातून बारीक ब्रश काढला. पाटीच्या जागी एक फिकट चौकोन रंगवला, कडेने मळाची रेघ. मग प्रत्येक भोकाखाली गंजाचा एकेक ओघळ, एक लांब, तीन आखूड, खऱ्या गंजासारखे. इथे कुणाचं तरी नाव होतं आणि ते उपटून काढलंय, हे धावत्या डब्यातूनही कळलं पाहिजे. तो खाली उतरला, मांडी घालून जमिनीवर बसला, डोळा बारीक करून बघितलं आणि पुन्हा वर चढला. डावीकडचा एक ओघळ थोडा कमी पडत होता.