मृत्यूचे कारण: मांजर

“पक्ष्याला सरहद्द नसते. आल्प्स म्हणजे त्याच्या लेखी उंबरठा!” लिनार्द जाळ्यातल्या वल्गुलीला म्हणाला. वल्गुलीने त्याचे बोट चावले. चिमणीहून लहान असा हा पाखराचा जीव जन्मल्यापासून हे जंगल सोडून कुठे गेला नव्हता, आणि जायचा विचारही दिसत नव्हता.

लिनार्दचेही तसेच होते. चाळीस वर्षे तो आमच्या गावच्या रोपवेवर बटण दाबायला होता. लोकांना डोंगरावर चढवायचे, संध्याकाळी उतरवायचे. स्वतः मात्र खालीच. सुट्टीच्या सकाळी, आणि निवृत्तीनंतर रोजच, तो जंगलात जाळी लावी, पाखरांच्या पायात नंबराचे कडे घाली, वजन करी आणि सोडून देई. वजन करताना पाखराला फोटोच्या रोलच्या जुन्या डबीत उलटे घालायचे. डोके खाली गेले की ते गप्प बसते. गावच्या सभेत हा उपाय करून पाहावा, असे त्याला अनेकदा वाटे.

या कड्यांची नोंद ठेवणाऱ्या पक्षी केंद्राचा नियम असा, की एकाने नंबर वाचायचा, दुसऱ्याने तो परत म्हणायचा, मगच लिहायचा. दुसरा कधीच नव्हता. म्हणून लिनार्द आधी मोठ्या आवाजात वाची आणि मग जरा हलक्या आवाजात स्वतःच परत म्हणे. एकतीस वर्षांत त्या दोघांत मतभेद झाला नाही.

कडे घातलेले पाखरू कुणाला मेलेले सापडले, की त्याने केंद्राला कळवायचे. केंद्र त्याला आभाराचे पत्र धाडते: पाखराचे वय किती, ते कुठून किती लांब आले. लिनार्दच्या हजारो कड्यांपैकी एकोणिसांची खबर परत आली. एक सार्डिनिया बेटावरून. ती त्याने चौकट करून भिंतीवर लावली. बाकी अठरा बार्बलाबाईंच्या मांजराकडून.

बार्बलाबाई जंगलाच्या कडेला, शेवटच्या घरात एकट्या राहात. कडे सापडले की लिनार्द ते आणायला जाई. कॉफी होई, अक्रोडाच्या केकचा तुकडा होई. भिंग लावून तो नंबर बघे आणि म्हणे, “चारशे मीटर.”

“फार लांब नाही गेली बिचारी,” बाई म्हणत. मग दोघे तासभर खिडकीबाहेर बघत बसत.

मार्चमध्ये मांजर मेले. जमीन गोठलेली होती. खड्डा लिनार्दनेच खणला. त्यानंतर तो तिकडे गेला नाही. काम नसतानाही कुणाकडे जाता येते, हे त्याला ठाऊक नव्हते.

आणि परवा केंद्राकडून कळवणीची नक्कल आली. वल्गुली, कडे क्रमांक ७१४६५, मृत. कारण: मांजर. कळवणारी व्यक्ती: बार्बलाबाई. दुसरे मांजर आणले असेल, असे लिनार्दला वाटले. आज तो जंगलात इस्त्रीचा शर्ट घालून आला होता.

त्याने मुठीतल्या वल्गुलीच्या पायावर भिंग धरले.

“सात, एक, चार, सहा, पाच,” तो मोठ्याने म्हणाला.

दुसऱ्याने उत्तर दिले नाही.

वल्गुलीने पुन्हा चावले. मेलेल्या पाखराच्या मानाने जोर बरा होता.

मांजराने पूर्वी मारलेली ७१४६४ नंबरची वल्गुली त्याला आठवली. तिचे आभाराचे पत्र बाईंच्या कपाटात होते. चाराचा पाच करायला कितीसा वेळ लागतो!

आता नियमाने त्याने ‘जिवंत’ अशी नोंद करायची, आणि केंद्राने बाईंकडे खुलासा मागायचा. वजनातला दशांश ग्रॅमही त्याने आजवर खोटा लिहिला नव्हता. पेन्सिल वहीवर टेकली. मुठीत ते एवढेसे काळीज धडधडत होते. कुणाचे, हे जरा वेळ त्यालाच कळेना.

मग त्याने मूठ उघडली. वल्गुली फांदीवर जाऊन बसली आणि त्याला शिव्या देऊ लागली. वहीतली ओळ कोरीच राहिली.

“या, लिनार्द! रस्ता विसरलात म्हटलं,” बार्बलाबाई दार उघडत म्हणाल्या. “की बाईपेक्षा मांजराचीच ओळख होती तुमची?”

“कडं न्यायला आलो.”

“कडं होय...” बाई केक कापू लागल्या. अख्खा होता, आजच केलेला. “इथंच ठेवलं होतं हो. केरात गेलं असेल. वय झालं आता.”

चुलीशेजारची मांजराची टोपली रिकामी होती. तिच्यातली गोधडी धुऊन, घडी घालून ठेवलेली होती.

“किती लांब गेली होती?” बाईंनी सुरीकडे बघत विचारले.

“चारशे मीटर.”

“फार लांब नाही गेली बिचारी.”

बाहेर लार्चच्या झाडांची सुईसारखी पिवळी पाने गळत होती. दोघे बघत राहिले. कॉफी संपली. लिनार्द उठला, टोपी घातली, दाराशी जाऊन थांबला.

“बार्बलाबाई, एक विनंती होती.”

बशा गोळा करणारा हात थांबला. “बोला ना.”

“पुढच्या खेपेला कारण ‘मांजर’ लिहू नका. ‘खिडकीची काच’ लिहा.”