बावीस तसूंचा गज

मी गज बोलतोय. बोलायची हौस नव्हती. पण विहिरीवर पाणी प्यायला येणारा जो तो शेडच्या भिंतीकडं बोट दाखवतो आणि विचारतो, "ही काठी कसली हो?" मग इथं कांदा करणारा सनी सांगायला लागतो आणि अर्धं चुकीचं सांगतो. काठी म्हणे! काठीनं कुत्री हाकलतात. माझ्यानं घरं उभी राहिली. तेव्हा एकदाच सांगतो, मधे बोलायचं नाही.

मी शिसवाचा. चांदवडच्या सावळीराम सुतारानं मला घडवलं, दोन्ही टोकांना पितळेच्या टोप्या बसवल्या आणि अंगावर रेघा कोरून चोवीस तसू पाडले. तुम्ही लोक उठताबसता म्हणता, "तसूभरही मागं हटणार नाही." बघितलाय का कधी तसू? एक इंच आणि वर इंचाचा आठवा हिस्सा, एवढा असतो तो. सोळा तसूंचा हात, चोवीस तसूंचा गज. मी शाळेत गेलो तो फक्त बाकं मोजायला, तरी एवढं मला येतं.

माझ्याआधी माणसं आपापल्या हातानं मोजायची. त्यातही लबाडी. कापड घ्यायला लांब हाताचा चुलता पुढं, विकायला आखूड हाताचा पुतण्या. मी आलो आणि ते भांडण मिटलं. मग फुटपट्टी आली. मग टेप आला, काम झालं की गुंडाळून झोपणारा. आणि आता प्लॉटवाले 'गज' म्हणतात तो तीन फुटांचा. तो वेगळा. आडनाव एक असलं म्हणून कुणी भाऊ होत नाही.

सावळीरामच्या वावरात एक विहीर होती. तिच्यात वासरू पडलं, म्हणून त्यानं वर बाभळीच्या तुळया टाकल्या आणि माती लोटून ती बंद केली. बायकोला, विठाबाईला, सांगून ठेवलं, "खंडोबाच्या चौथऱ्यापासून नीट उगवतीला चाळीस गज. गरज पडली तर उघडा." त्या दिवशी मातीत लोळून लोळून मोजलं ते मीच.

सावळीराम गेला. पोराच्या नोकरीपायी घर सातपूरला आलं. त्याची हत्यारं गोणीत गेली आणि मी कुठं गेलो? सरकत्या खिडकीच्या खाचेत! चोरानं बाहेरून खिडकी सरकवू नये म्हणून आडवा घातला मला. मावत नव्हतो, तर एका बाजूचं टोक टोपीसकट करवतीनं उडवलं. कुणी, ते नाव आत्ता घेत नाही. मन कडू होतं.

वर्षं गेली. सावळीरामचा नातू सनी कंपनीतली शिफ्ट सोडून चांदवडला वावरात कांदा करायला गेला. शेडमध्येच राहायचा. बोअर कोरडी गेली. कांद्याचं रोप माना टाकायला लागलं. त्यानं आजीला फोनवर सांगितलं, "या आठवड्यात पाणी लागलं नाही तर मी ओझरच्या कारखान्यात जातो. वावर पडू दे पडीक." विठाबाई त्या दिवशी जेवली नाही. तिनं विहिरीचं सांगितलं. सनीनं मोबाईलमध्ये बघितलं, गज म्हणजे तीन फूट. एकशेवीस फुटांवर जेसीबी लावला. लागला खडक.

"आजी, आजोबांनी तुझी चेष्टा केली असंल."

"त्यांनी उभ्या जन्मात चेष्टा केली नाय. तू गज कुठला धरला?"

"गज म्हणजे गज. तीन फूट."

"कुणाच्या बापाचे तीन फूट? ह्यांचा गज हितं खिडकीत हाय!"

तिनं मला खाचेतून उपसलं आणि नातसुनेला, पायलला, घेऊन चांदवडची बस धरली. कंडक्टर म्हणाला, "आजी, काठीचं तिकीट काढायचं का?" म्हातारी म्हणाली, "काढ की, अर्धं काढ. म्हातारा हाय त्यो."

वावरात सनीनं मला टेप लावला. "पावणेपंचवीस इंच. चाळीस गज म्हणजे साडेब्याऐंशी फूट."

जेसीबीवाल्या वाळूनं तिथं नजर टाकली. "अलीकडं बांध हाय, मशीन उभं राहायचं नाय. पलीकडं घेतो, नव्वदीच्या आसपास. तिकडून इकडं तोंड करून खणतो."

आता माझी कापलेली बाजू जळायला लागली. विहीर नव्वदीवरच! वर कुजलेल्या तुळया आणि त्यांच्यावर हे एवढं धूड चढणार, आत माणूस बसलेला. ओरडणार कसा? लाकडाला तोंड असतं तर काय पाहिजे होतं.

मशीन सुरू झालं. मी पायलच्या हातात होतो. ती सातपूरला एका वर्कशॉपमध्ये माल तपासते, हातात येईल ते बोटानं चाचपायची तिची सवय. माझ्या रेघांवरून तिचा अंगठा फिरत होता.

"आजी, गजाला तसू किती?"

"चोवीस."

"हे बावीसच भरतायत. आणि या टोकाला टोपी आहे, त्या टोकाला नाही."

विठाबाई चौथऱ्याकडं बघायला लागली.

"सनी, हा कापलाय! वाळूभाऊ, थांबा! अहो थांबा!" पोरगी दोन्ही हात वर करून मशीनच्या आडवी धावली.

इंजिन बंद झालं. तिनं माझ्या उरलेल्या लांबीत दोन तसू मिळवले. सत्तावीस इंच. सनीनं चाळीसनं गुणलं आणि मशीनकडं बघितलं. "नव्वद फूट."

वाळू खाली उतरला, रुमालानं मान पुसली. "म्हणजे तिथंच चाललो होतो मी."

सनीनं कमरेला दोर बांधला. दोराचं दुसरं टोक मशीनला. नव्वदीवर पहार मारली तर ती लोण्यात गेल्यासारखी आत गेली. भोक मोठं केलं, दगड सोडला. सगळे कान देऊन उभे. आणि मग खालून आवाज आला, डुबुक.

विठाबाई मातीतच बसली. "सांगितलं होतं ह्यांनी," एवढंच म्हणाली. सनी हसत होता की रडत होता, त्याचं त्यालाच माहीत. ओझरचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. आज कांदा गुडघ्याला लागलाय, येऊन बघा.

त्या दिवशी पायलनं विचारलं होतं, "पण टोक कापलं कुणी?" तर विठाबाई पदर सावरत उठली आणि म्हणाली, "मी चहाचं बघते." उघड्या वावरात, चूल नाही की स्टोव्ह नाही!

खरं सांगतो. सातपूरला भंगारवाला दारात आला होता, हत्यारांची गोणी चालली होती. तिनं मला गोणीतून ओढून काढलं, सावळीरामच्याच करवतीनं वाकडंतिकडं कापलं, खाचेत बसवलं आणि घरच्यांना बजावलं, "हा आता खिडकीचा झाला. ह्याला कुणी हात लावायचा नाय." वाचवलं तिनं मला. कळतं मला, लाकूड असलो तरी. पण वाचवताना दोन तसू गेले, टोपी गेली, त्याचं काय?

हल्ली ती इथं शेडवरच राहते. रोज सकाळी मला तेलाचं बोट लावते, कापलेल्या टोकावर हात जरा जास्त वेळ ठेवते. तेलानं भागत नाही, बाई. तोंडानं म्हणावं लागतं. घाई नाही, विहिरीला पाणी आहे, मीही इथंच खिळ्यावर आहे. पण माफी यायची राहिलीय, आणि ती एकाच माणसाकडून. नाव लिहून घ्या: विठाबाई सावळीराम सुतार.