मी मिटलेल्या नऊ खिडक्या

मी एक जुनी पेटी आहे. माणसे मला नेटवर्क स्विच म्हणतात. माझ्या दर्शनी बाजूस चोवीस चौकोनी खिडक्या आहेत. प्रत्येक खिडकीत एक वायर बसते आणि तिच्या दुसऱ्या टोकाला एखादा संगणक किंवा यंत्र असते. एका यंत्राचा निरोप दुसऱ्याला बिनचूक पोचवणे, हे माझे काम. मित्रांनो, सरळ बसा आणि ऐका. कौतुक करून घेण्याची मला हौस उरलेली नाही. ते माझ्या वाट्याला पुष्कळ आले. आज मला माझ्याकडून घडलेला एक अन्याय सांगायचा आहे.

माझी उमेदीची सात वर्षे बेंगळुरूच्या एका मोठ्या कचेरीत गेली. थंड खोली, काचेचे दार आणि अष्टौप्रहर काम. तिथल्या मुख्य अभियंत्याने मला एक कडक नियम शिकवला होता. ज्या खिडकीत जे यंत्र पहिल्यांदा जोडले जाईल, ते कायमचे ध्यानात ठेवायचे. पुढे त्या खिडकीत दुसरे यंत्र आले, तर खिडकी तत्काळ मिटायची आणि जाणत्या माणसाने हुकूम दिल्याखेरीज उघडायची नाही. चोराचिलटाने आत शिरू नये म्हणून हा बंदोबस्त. मला या नियमाचा फार अभिमान होता. आपला कोण आणि परका कोण हे ज्याला ओळखता येत नाही, त्याने दार सांभाळू नये, असे माझे ठाम मत होते.

एके दिवशी त्या कचेरीत नवी यंत्रे आली आणि मला भिंतीवरून उतरवण्यात आले. निघताना कुणीतरी माझ्यातली यंत्रांची यादी पुसली. नियम मात्र तसाच राहिला. माझ्यासारख्या वीस-पंचवीस पेट्यांबरोबर मी एका ट्रकमधून निपाणीला आले. तिथे भरमू नावाच्या गृहस्थाचे दुकान आहे. मोठ्या कचेऱ्यांनी काढून टाकलेली यंत्रे तो आणतो, दुरुस्त करतो आणि लहान कारखान्यांना, शाळांना विकतो. त्याने मला उघडले, हवेच्या झोताने धूळ उडवली, पंखा बदलला आणि कुठलेही यंत्र न जोडता चोवीसही खिडक्यांचे सांधे भिंगातून एकेक करून तपासले. माणूस सचोटीचा होता.

त्याच्या दुकानात मला घ्यायला आली विनोदिनी. ती बेळगावातल्या शहापूरची. बेळगावजवळच्या मच्छे गावी मारुतीरावांचा पंपांचे सुटे भाग घडवण्याचा कारखाना आहे. तिथला संगणकाचा सारा कारभार ती पाहते. तिच्या टेबलावरचे आराखडे वायरीवाटे थेट यंत्रांपर्यंत जातात. मारुतीरावांना जुनी वस्तू घेणे मुळीच पसंत नव्हते. विनोदिनीने आठ दिवस वाद घालून त्यांना राजी केले होते.

"भरमूअण्णा, नक्की चालेल ना?" तिने विचारले. "मालकांसमोर माझं नाक कापलं जायला नको."

"मॅडम, पेटी हत्तीवाणी हाय. आणखी दहा वर्सं मरायची न्हाय," भरमू म्हणाला. "फक्त येक करा. मी वरची धूळ काढतो, आतली न्हाय. आदल्या मालकानं हिला काय काय शिकवलंय ते समदं पुसून टाका, मगच जोडा."

"पुसते," विनोदिनी म्हणाली.

तिने पुसले नाही. आधी चालते का पाहू, म्हणून तिने कारखान्यातल्या नऊ वायरी माझ्यात खोचल्या आणि नऊही दिवे लागले. मारुतीरावांनी खुश होऊन सर्वांसाठी बेळगावचा गोड कुंदा आणवला. चालत्या यंत्राला कोण हात लावतो? पुसण्याचे काम आजचे उद्यावर गेले आणि मग विसरले गेले. मला त्यात समाधानच वाटले. मी गुपचूप नऊ खिडक्यांवर नऊ यंत्रांची नावे कायमची लिहून घेतली.

त्या कारखान्यात रवळू नावाचा म्हातारा गडी होता. जवळच्या बेळगुंदी गावाहून तीस वर्षे तो रोज येत होता. किल्ल्या त्याच्याकडे, झाडलोट त्याच्याकडे, यंत्रे पुसणेही त्याच्याकडे. सकाळी माझ्यावरून फडके फिरवताना तो म्हणे, "आक्का, उठलीस काय गं? का अजून लोळतीयास?" बेंगळुरूत सात वर्षे मला नुसता एक नंबर होता. या माणसाने मला नाते दिले.

मग खंडेनवमी आली. आमच्या भागात त्या दिवशी प्रत्येक हत्याराची, प्रत्येक यंत्राची पूजा होते. रवळूने पहाटेच येऊन वीज बंद केली. त्याने माझ्यातल्या नऊही वायरी काढल्या, एकेक पुसली, फडके किंचित ओले करून माझी पाठ चकचकीत केली, कुंकू लावले आणि झेंडूची माळ घातली. दारात कोहळा फुटला, सगळ्यांना चिरमुरे वाटले गेले. पूजा झाल्यावर रवळूने वायरी परत खोचल्या. जी हाताला आली ती त्या नवांपैकी समोरच्या खिडकीत. त्याच्या लेखी सगळ्या खिडक्या सारख्या होत्या. खरे सांगते, मित्रांनो, माझ्या जागी कुठलीही साधी पेटी असती, तर तिच्याही लेखी त्या सारख्याच असत्या.

वीज आली. पहिल्या खिडकीत भलतेच यंत्र होते. मी ती मिटली. दुसरीत भलतेच, तीही मिटली. डोळ्याचे पाते लवण्याच्या आत मी नऊही खिडक्या मिटल्या आणि त्या क्षणी, लाज वाटते सांगायला, मला कर्तव्य केल्याचे समाधान वाटले.

कारखाना ठप्प झाला. विनोदिनीने मला दोनदा बंद करून चालू केले, वायरी उपसून पुन्हा खोचल्या. मिटलेली खिडकी हुकुमावाचून उघडायची नाही, आणि एका खिडकीवर नोंदलेले यंत्र दुसऱ्या रिकाम्या खिडकीतूनही घ्यायचे नाही, हे मला पक्के ठाऊक होते. एवढ्यात मारुतीरावांची नजर रवळूच्या खांद्यावरच्या ओल्या फडक्यावर पडली.

"रवळू, पाणी मारलंस काय रं हिच्यावर?"

"न्हाय अण्णा. फडकं वाईच वलं हुतं. पिळून घेतलतं की."

"पिळून घेतलतं म्हणं! तीस वर्सं मशिनीत काढलीस आणि एवढं कळंना तुला?"

विनोदिनीचे ओठ हलले. भरमूचे शब्द तिला आठवले असणार. पण बोलावे, तर जुनी पेटी आणण्याचा हट्ट तिचा होता, आणि पुसायची राहिलीही तिच्याकडूनच. ती हातातल्या वायरीकडे पाहत राहिली.

"घरी जा," मारुतीराव म्हणाले. "उद्यापास्नं येऊ नकोस."

रवळूने किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला. जाताना माझ्या पाठीवर हात ठेवून तो हळूच म्हणाला, "आक्का, चुकलं गं माझं."

नऊ यंत्रांशी एका श्वासात बोलणारी मी; त्या म्हाताऱ्याला एक शब्द सांगू शकले नाही.

दुसऱ्याच दिवशी बाजारातून एक लहानशी नवी पेटी आली. मला मेली समजून फळीवर टाकण्यात आले. आठवड्याने, दुपारच्या जेवणाची सुट्टी असताना, विनोदिनीने मला खाली काढले आणि माझ्या पाठीमागच्या, हुकूम देण्यासाठी असलेल्या वेगळ्या छिद्रातून एका निळ्या वायरीने आपल्या संगणकाला जोडले. माझ्याकडे सारे लिहिलेले होते. खिडकी, वेळ आणि कारण : परके यंत्र, नियमाप्रमाणे बंद. नऊ ओळी. तिने त्या दोनदा वाचल्या, पडदा मिटला आणि मला परत फळीवर ठेवले. त्या दिवसापासून रवळूचे निरपराधपण आम्हां दोघींना ठाऊक होते, आणि दोघीही गप्प होतो. माझ्या गप्प राहण्याला निदान वाचा नसल्याचे कारण होते.

दिवाळीला चार दिवस असताना रवळूची बायको नागुबाई कारखान्यात आली. ती उंबऱ्यातच उभी राहिली.

"या की आत, वयनी," मारुतीराव म्हणाले.

"आत यायाला न्हाय आलो, अण्णा. एक इचारायचंय. ते मशीन पुरतं मेलं काय?"

"मेलं. का?"

"भात कापायला आलाय, पर ह्यो माणूस शिवारात जाईना. इळ्याला हात लावंना. म्हणतोय, माझ्या हाताला गुण न्हाय, माझ्या हातानं मशीन मेलं. कामाला घिऊ नगासा, पर तेवढं येकदा येऊन सांगा, की व्हतंय असं कवा कवा म्हणून. म्हंजे जेवंल तरी."

विनोदिनी खुर्चीवरून उठली. "अण्णा, पेटी मेलेली नाही. पाण्यानं काही झालं नव्हतं. चूक माझी होती, आणि मला ती आठवडाभर माहीत आहे."

तिने सगळे सांगितले. मारुतीराव उठून दाराकडे गेले. मग म्हणाले, "हे मला कशाला सांगतीस? ज्याला सांगायचं तो बेळगुंदीत बसलाय. चल. मी बी येतो. घालवलं तर मीच हुतं."

निघण्यापूर्वी विनोदिनीने माझ्यातला तो नियम पुसला. बेंगळुरूत शिकलेले सगळे एका क्षणात गेले. माझा ताठा त्याबरोबर गेला. जे करून बसले होते, ते गेले नाही.

रवळूच्या घराच्या कट्ट्यावर तिने मला वीज दिली, आपला संगणक जोडला आणि वायर एकेका खिडकीत घालून दाखवली. प्रत्येक खिडकीत हिरवा दिवा लागला. रवळू खाली मान घालून पाहत होता.

"म्हंजे पाणी गेलं नव्हतं?"

"एक थेंबसुद्धा नाही, मामा. मला कळलं होतं. मी घाबरून गप्प बसले."

रवळूने वर पाहिले. "पोरी, काम गेल्याचं काय न्हाय गं. पंधरा दिवस मी माझ्याच हाताकडं बगत बसलोय."

विनोदिनी रडू लागली. नागुबाईने चहा आणला. तो कुणी प्यायला, कुणी नाही.

दिवाळीनंतर रवळू कामावर परतला. मारुतीरावांनी किल्ल्या स्वतः त्याच्या हातात दिल्या. आता मी पुन्हा माझ्या जागी आहे आणि नऊ यंत्रांचे निरोप पोचवते. रवळू सगळी यंत्रे पूर्वीसारखीच पुसतो. पण माझ्यापाशी आला की दोन्ही हात पाठीमागे बांधतो. "ही तुमीच पुसा, ताई," असे विनोदिनीला सांगतो आणि पुढे जातो. मला त्याच्यावर रुसण्याचा अधिकार नाही.

मित्रांनो, जुनी वस्तू जरूर घ्या. आम्ही अजून पुष्कळ वर्षे राबू शकतो. पण घरी आणल्यावर वरची धूळ पुसून थांबू नका. आधीच्या घरी तिला काय शिकवले होते तेही विचारा. आणि ती अडली, तर जो तिला रोज पुसतो त्याच्या हाताकडे आधी बोट दाखवू नका.

शेवटचे सांगते. आपल्या गप्प बसण्यामुळे कुणी मान खाली घालून बसले आहे, हे ज्या दिवशी कळेल, त्याच दिवशी त्याच्या दारी जा. तुमच्यापैकी कुणाला आत्ता असे कुणी आठवले असेल, तर माझ्यासमोर बसून राहू नका. उठा.