बाईंचा आराखडा

बाईंनी मुलीच्या हातातली पेन्सिल अलगद काढून घेतली, गायीचे मागचे दोन पाय खोडले आणि चार रेघांत नवे काढून दिले.

"हं. आता कशी उभी राहिली बघ."

मुलीने मान डोलावली. मागच्या बाकावर बसलेल्या मॅडमनी मात्र कपाळाला आठी घातली.

मॅडम पूर्वी स्वतः चित्रकला शिकवायच्या. आता त्या शाळाशाळांत जाऊन चित्रकलेच्या शिक्षकांना वर्षाची आखणी करायला मदत करत, आणि तास संपला की त्याच्याकडे जरा मागे वळून बघायला लावत: काय जमलं, काय फसलं, पुढच्या वेळी काय बदलायचं. कामाला मॅडम वाघ, आणि हे त्यांनाही ठाऊक होतं. या एका वर्गात मात्र त्यांची मती गुंग झाली होती. इथल्या बाई कामचुकार म्हणाव्यात तर तसंही नव्हतं. हात सुंदर, मुलं त्यांच्यावर जीव टाकायची. पण आराखड्याचा कागद पुढे आला की बाई गप्प. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय, ते मॅडमना काही केल्या कळेना.

तास संपल्यावर त्यांनी विचारलं, "आज मुलांनी स्वतः काय ठरवलं?"

"मुलांनी?" बाई रंगांच्या डब्या आवरत होत्या. "गाय काढली की."

"गाय तुम्ही सांगितलीत. त्यांनी काय ठरवलं?"

बाईंनी बराच विचार केला. "कुणी पांढरी केली, कुणी काळी."

"आणि पाय?"

"पाय चुकले होते, मॅडम. चुकलेलं तसंच घरी पाठवू?"

"एकदा पाठवून बघा. पुढच्या तासाला कुणाच्याही कागदाला हात लावायचा नाही."

बाईंनी शब्द पाळला. पुढच्या तासाला त्या दोन्ही हात मागे धरून बाकांमधून फिरत राहिल्या. मुलं पेन्सिली धरून बसून राहिली. वर्गात एक पुटपुटी होती. चित्र काढताना स्वतःशीच बोलायची म्हणून तिला हे नाव पडलेलं. ती कोरा कागद घेऊन आली.

"बाई, तुम्हीच सुरुवात करून द्या ना. तुमची रेघ छान येते."

बाईंनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी नकारार्थी मान हलवली. पुटपुटी जागेवर जाऊन बसली आणि तास संपेपर्यंत टोकयंत्राशी खेळत राहिली.

"बघितलंत?" बाई नंतर म्हणाल्या. "हात नुसते शिवशिवत होते माझे."

मॅडमनी आपल्या नोंदीत लिहिलं: बाई मुलांना विचार करायला जागाच ठेवत नाहीत. वाक्य त्यांना आवडलं. त्यांनी ते परत एकदा वाचलं.

तेवढ्यात मोठ्या सरांचा निरोप आला. शाळेच्या समितीला चित्रकलेचे तास गणिताला द्यायचे होते. बाईंनी समितीपुढे येऊन वर्षभराचा आराखडा स्वतः मांडायचा. पटला तर तास राहतील. नाहीतर बाईंनी नव्या वर्षापासून ग्रंथालय सांभाळायचं. ऐकून बाईंचं तोंड एवढंसं झालं.

"मला ग्रंथालयात नाही जायचं हो," त्या म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या.

मग मॅडमनी पदर खोचला. बाईंनी काही ओळी खरडून आणल्या होत्या. मॅडमनी पेन उघडलं.

"मातीकाम पहिल्याच महिन्यात? नको. आधी रेघ, मग आकार, मग रंग. माती दुसऱ्या सत्रात घेऊ."

"बरं."

"का, त्याचं कारण लिहायला हवं."

"तुम्हीच लिहा ना. तुम्हाला नेमके शब्द सुचतात."

मॅडमना खरंच सुचत. त्या संध्याकाळी त्या जेवणाच्या टेबलावर सगळं नव्याने उतरवत बसल्या. समोर त्यांची आई शेंगा सोलत होती.

"कुणाचं गं हे?"

"एका शाळेतल्या बाईंचं. त्यांना जमत नाहीये."

"मग त्या काय करताहेत आता?"

"आई, प्लीज. अर्जंट आहे."

आई शेंगा सोलत राहिली. मॅडमनी वाक्य पूर्ण केलं, पण त्या प्रश्नाने उगीचच टोचल्यासारखं झालं. टोचावं असं त्यात काय होतं, ते मात्र समजेना.

समितीपुढे बाईंनी आराखडा वाचला. नीट वाचला, कुठे अडखळल्या नाहीत. मॅडम मागच्या खुर्चीत बसून प्रत्येक वाक्याबरोबर नुसते ओठ हलवत होत्या. संपल्यावर समितीतल्या एका आजोबांनी, अगदी साध्या आवाजात, विचारलं:

"माती एवढ्या उशिरा का हो?"

बाईंनी कागदाकडे पाहिलं. कागद उलटला. मग सगळ्यांकडे पाठ करून त्या मॅडमकडे वळल्या, भुवया वर, कागद जरासा पुढे केलेला.

मॅडमच्या ओठांवर उत्तर तयार होतं. त्यांनी तोंड उघडलंही. आणि एकदम त्यांना त्या चेहऱ्याची ओळख पटली: कोरा कागद पुढे करणाऱ्या पुटपुटीचा. त्यांचे कान तापले. उत्तर तिथेच राहिलं.

"बाई?" मोठे सर म्हणाले.

"ते... मॅडम सांगतील."

"मग आराखडा तुमचा आहे की मॅडमचा?"

मोठ्या सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सोमवारी परत या. मॅडमना न घेता."

बाई तरातरा चित्रकलेच्या खोलीत आल्या. दार लागल्यावर म्हणाल्या, "तोंडघशी पाडलंत मला. बोलला का नाहीत?"

"चुकलं माझं."

"आता म्हणून काय उपयोग?"

"आजचं नाही म्हणत. आधीचं." पुढे कसं सांगावं ते मॅडमना सुधरेना. इतकी वर्षं शिक्षकांना मदत करतोय म्हणायचं, आणि करत काय होतो? त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या, परत आल्या. "बाई, तुम्ही माती आधी का लिहिली होती?"

"जाऊ दे आता."

"सांगा ना."

बाई नळावर ब्रश धुवायला लागल्या. पाठमोऱ्याच बोलल्या. "मातीला खोडरबर नसतं. मोडलं की गोळा करायचा, परत वळायचं. मातीत मुलं माझ्याकडे येत नाहीत, 'बाई, तुम्ही करून द्या' म्हणत नाहीत. कागदावर घाबरतात."

मॅडमनी टेबलाशी खुर्ची ओढली. "हे तुम्ही मला सांगितलंत का नाही?"

"तुम्ही खोडलंत," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि मॅडमना तेच जास्त लागलं.

थोड्या वेळाने बाईंनी हात पुसले, कपाटातून कोरा कागद काढला आणि टेबलावर मॅडमपुढे सरकवला. "घ्या, लिहा. मी सांगते. तुमचं अक्षर चांगलं आहे."

मॅडमनी कागद परत बाईंकडे सरकवला.

"मला नाही येत हो तसलं लिहायला."

मॅडम गप्प राहिल्या. सांगावं, की सांगू नये? गप्प बसणं ही मदत, की नुसती पळवाट? त्यांचा पार गोंधळ उडाला होता. वर्ग सुटल्याचा गलबला झाला आणि थांबलाही. बाई पेन धरून बसून होत्या. मग त्यांनी एक ओळ लिहिली, बऱ्याच वेळाने दुसरी.

मॅडमना पलीकडून, उलट्या बाजूने, अक्षरं लागली: पहिला महिना कागद नाही. महिनाभर कागदच नाही? सोमवारी समिती हे ऐकून घेईल? काहीतरी म्हणायलाच हवं होतं. त्या पुढे वाकल्या.

बाईंनी डावा हात आडवा करून कागद झाकला.

"मधेच बघू नका," त्या लिहिता लिहिता म्हणाल्या. "झालं की दाखवते."