आपल्या भावना कळवा

माझ्या नवऱ्याला फीडबॅक पाहिजे होता. त्या एका शब्दापायी आमच्या घरात जे झालं, ते मला नीट सांगता येत नाही, कारण सुरुवात ऐकूनच लोक हसायला लागतात. हसू देत. सुरुवातीला मीही हसलेच होते.

जानेफळच्या बसस्टँडजवळ आमचा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, लग्न, बारसं, निवडणुकीचे बॅनर, आणि कुणाच्या घरी कुणी गेलं की भिंतीवर लावायचा फोटो. ग्रुप फोटोतून म्हाताऱ्याचं डोकं तेवढं कापून घ्यायचं आणि त्याला कोट चढवायचा, हे काम माझा नवरा, ज्ञानेश्वर, डोळे मिटून करतो. त्याला या कामाचा वीटही आलेला आहे. म्हणून त्याला स्वतःची वेबसाइट हवी होती, तीत फक्त त्याने मनापासून काढलेले फोटो असतील. पहिली त्याने स्वतःच बनवली. सोनेरी चौकट, उघडली की सनई वाजायची, आणि त्याच्या नावावर गुलाबाच्या पाकळ्या पडायच्या. मला आवडली होती. फोन नंबर जरा मोठा टाक, एवढंच मी म्हटलं.

मग त्याने ती आल्हादला दाखवली. आल्हाद अमरावतीला कॉलेजात त्याच्याबरोबर होता, आता पुण्यात एका कंपनीत वेबसाइटींचं डिझाइन करतो. त्याने फोनवरच अर्धी वेबसाइट पाडली. सनई काढ, पाकळ्या काढ, चौकट काढ, रंगही काढ. मागे सगळं काळं. एका वेळी एकच चेहरा, तोही ब्लॅक अँड व्हाइट, खाली नाव, गाव आणि वर्ष. बाकी एक अक्षर नको, शांतता दिसली पाहिजे. ज्ञानेश्वरने आठवडाभर बसून ती शांतता आणली. पहिलाच चेहरा त्याच्या वडिलांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, किसनरावांचा. फोटो चांगलाच आहे, हे मी आजही म्हणेन. मामाजी खळ्यात बसलेत, उन्हानं डोळे बारीक झालेत, आणि आता कुणावर तरी रागावतील असं वाटतं.

साध्या माणसांकडूनही फीडबॅक घे, असं आल्हादनेच सुचवलं होतं. साधी माणसं म्हणजे आमच्या घराण्याचा ग्रुप. आता तिथल्या म्हाताऱ्यांना फीडबॅक कसा कळणार? अभिप्राय हा शब्द ज्ञानेश्वरला शाळा तपासायला आलेल्या साहेबाचा वाटला. प्रतिक्रिया तर पुढारी देतात. बराच विचार करून त्याने लिहिलं, 'कृपया पाहावे व आपल्या भावना दोन शब्दांत कळवाव्यात.' खाली लिंक टाकली. लिंक टाकली की तिथं आपोआप एक चौकोन येतो. काळ्या चौकोनात मामाजींचा चेहरा, खाली 'किसनराव, जानेफळ, २०२५'. पाठवून दिलं, आणि आमचे साहेब मेहकरला एका हळदीचं शूटिंग करायला निघून गेले. फोन बॅगेत.

अर्ध्या तालुक्याचे श्रद्धांजलीचे बॅनर ज्याच्या हातचे, त्याला हे दिसलं नाही. मी बाजूलाच उभी होते, मलाही दिसलं नाही. आम्हाला त्यात पुण्याची शांतता दिसत होती.

अकोल्याच्या एका चुलतभावाने 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहून हात जोडले. मग काय, आपल्या ग्रुपवर लिंक उघडून बघतो कोण? वरच्याने जे लिहिलं तेच खालचा लिहितो. दुपारपर्यंत रांग लागली.

मला कळलं ते खामगावहून नणंदेचा, मंजुश्रीचा फोन आला तेव्हा. बाबा कधी गेले, एवढंच ती रडत रडत विचारत होती. मी म्हटलं, अहो ताई, मामाजी ओट्यावर चहा पिऊन राह्यले. तिला पटेना, तेव्हा मी फोन मामाजींच्या कानाला लावला. बापलेक आधी रडले आणि मग इतके हसले की शेजारची पंचफुलाबाई बघायला आली. सासूबाईंना हे काही रुचलं नाही. त्यांनी मीठ-मिरची घेऊन नवऱ्याची दृष्ट काढली. मामाजी मात्र खुशीत होते. खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं, असं आमच्याकडे म्हणतात. त्यांनी मला ग्रुपवरचं सगळं मोठ्यानं वाचायला लावलं. एकानं 'आधारवड कोसळला' असं लिहिलं होतं. यानं तर मला पोरीच्या लग्नालाही बोलावलं नव्हतं, असं मामाजी म्हणाले.

वाचून संपलं. त्यांनी कपातला तळाचा चहा ओट्याखाली टाकला आणि विचारलं, "भगवानचं काही?"

भगवानराव म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, जळगाव जामोदला असतो. मंजुश्रीच्या लग्नापासून दोघे बोलत नाहीत. भांडण शेतीचं नाही, पैशाचंही नाही. लग्नाच्या पत्रिकेत खाली घरातल्या सगळ्यांची नावं असतात, त्यात भगवानरावांचं नाव राहून गेलं. मामेभावांची होती, दूरच्या जावयांची होती, सख्ख्या भावाचं नव्हतं. छापणाऱ्यानं एक ओळ गाळली, असं मामाजी म्हणत. खरंही असेल. पण ते तोंड उघडून भावाला जाऊन सांगायला काय झालं होतं? मी मोठा, मी का जाऊ, हे त्यांचं. भगवानराव लग्नाला आले नाहीत. आता मंजुश्रीचा मुलगा शाळेत जातो, तरी नाहीत. इकडे मामाजी प्रत्येक दिवाळीला बसस्टँडच्या बाजूला तोंड करून ओट्यावर बसतात. का बसतात, हे घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. त्यांना दुसरं काही नको होतं. भाऊ एकदा घरी यावा, एवढंच.

भगवानराव ग्रुपवर नव्हते, पण त्यांचा मुलगा कुलदीप होता. त्याचं काही उत्तर दिसत नव्हतं. थोड्या वेळात मंजुश्रीचा पुन्हा फोन आला. काकांनी ऐकलं तेव्हापासून रडणं थांबत नाही, आणि कुलदीप त्यांना गाडीत घालून निघाला आहे, असं काकू सांगत होत्या. मंजुश्री म्हणाली, खामगावच्या नाक्यावर मी उभी राहते आणि त्यांना थांबवून सांगते. मी हो म्हणणार, तेवढ्यात मामाजींनी हात वर केला.

"सांगू नोको."

"मामाजी, ते रडत येऊन राह्यले."

"येऊ दे. तिथं सांगतलं त तिथूनच परतीन तो. एक डाव मले पाह्यलं का मंग कुठं जाते?"

ते परततील हे खरंच होतं, म्हणून मी मंजुश्रीला नाक्यावर जाऊ नका असं सांगितलं. तरी ते मला पटलं नव्हतं. मेलेल्याला बघायला निघालेल्या माणसापुढे जिवंत माणूस उभा करायचा, हे काही बरं नाही. पण मी या घरात आल्यापासून मामाजींना इतकी घाई झालेली पाहिली नव्हती. त्यांनी आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलं. ओटा झाडायला लावला, सतरंजी टाकायला लावली. भगवानला पातोडी आवडते म्हणून सासूबाईंना बेसन भिजवायला बसवलं. त्या बिचाऱ्या दृष्टीच्या मिरच्यांचा ठसका अजून गेला नव्हता तरी कामाला लागल्या.

ज्ञानेश्वर धापा टाकत आला. हळदीत कुणीतरी त्याला गाठून सांत्वन केलं, तेव्हा त्याला कळलं. त्याला आधी फोटो काढून टाकायचा होता, मग कुलदीपला फोन लावायचा होता. मामाजींनी दोन्ही करू दिलं नाही, ग्रुपवर खुलासाही टाकू दिला नाही. "तुह्यं काही चुकलं नाही बे," ते म्हणाले. "पह्यल्यांदा काही कामाचं केलं तू." बापाकडून कौतुक ऐकायची त्याला सवय नाही. त्याने फोन खिशात ठेवला.

दिवेलागणीला गाडी आली. मयतीला आल्यावर थांबवतात तशी ती दूर, मारुतीच्या पारापाशीच थांबली. भगवानराव उतरले ते उपरणं तोंडाला लावूनच. टोपी हातात, दंडाला धरून कुलदीप, आणि त्याच्या दुसऱ्या हातात पिशवीत हार. रस्त्यावरची माणसं नुसती बघत राहिली. त्यांना थांबवून सांगायचं धाडस कुणाला झालं नाही. वळणावर आले आणि त्यांनी 'दादा रे' म्हणून हंबरडा फोडला. म्हाताऱ्या पुरुषाचं रडणं मला ऐकवत नाही. मी आत वळणार होते.

मामाजी ओट्यावरून खाली उतरले. "ये, भगवान."

भगवानराव जागच्या जागी थांबले. मग पुढे आले आणि त्यांनी भावाचा दंड चाचपून पाहिला. आणि एकदम गळ्यात पडले. दोघेही रडत होते. मी पाहिलं, भगवानरावांच्या चेहऱ्यावर निव्वळ आनंद होता. जमलं, असं मला वाटलं. माझं मन हलकं झालं, मीच मूर्ख की एवढा वेळ धास्तावले होते.

ज्ञानेश्वरने काकांचे पाय धरले आणि सगळं सांगितलं. वेबसाइट, आल्हाद, काळा रंग, भावना कळवा. काका रडता रडता हसले, त्यांनी त्याच्या पाठीत एक धपाटाही घातला. ओट्यावर बसले. मी पाणी दिलं. अर्धा पेला पिऊन त्यांनी सतरंजीकडे पाहिलं, मग मामाजींच्या धोतराकडे, मग आत जिथून फोडणीचा वास येत होता तिकडे.

"दादा, मी येऊन राह्यलो हे तुले मालूम होतं?"

एक खोटं बोला, मामाजी. मी मनातल्या मनात हात जोडले. आयुष्यात एकदा बोला.

"मालूम होतं."

"कवापासून?"

"दुपारपासून."

भगवानरावांनी पेला खाली ठेवला. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. "म्हंजे जळगावपासून इथलोक मी रडत आलो, अन् तू आंघोळ करून बसला. वैनी पातोडी करून राह्यली."

"सांगतलं असतं त आला असता का तू?"

"पत्रिकेत नाव राह्यलं तवा एक डाव येऊन म्हटलं असतं, भगवान, चुकलं, त रोज आलो असतो."

मामाजींना आतासुद्धा म्हणता आलं असतं. दोनच शब्द होते. अख्खं घराणं सकाळपासून त्यांच्यासाठी दोन दोन शब्द लिहीत होतं, आणि त्यांच्या तोंडून एक निघेना. राग आला मला त्यांचा. अजून आहे.

भगवानराव उठले. चपला घातल्या. पायरीवरून त्यांनी मुलाला सांगितलं, "कुलदीप, तुह्या मायले फोन लाव. पाणी तापवून ठेव म्हणा. बाहीर, आंगणात. मयतीहून येऊन राह्यलो."

कुलदीपला पिशवीतला हार कुठे ठेवावा कळेना. त्याने एकदा ओट्याकडे पाहिलं, एकदा बापाकडे, आणि ती पिशवी घेऊनच तो मागे गेला. ज्ञानेश्वर गाडीपर्यंत धावला, काचेवर हात ठेवून काही काही बोलत होता. गाडी निघून गेली. सासूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि पाहुणे कुठे गेले म्हणून विचारू लागल्या. कुणीच सांगेना, म्हणून मी सांगितलं.

आल्हादचा मेसेज आला होता. पहिला चेहरा जबरदस्त आहे, तो अजिबात हलवू नको, असं त्याचं म्हणणं होतं. ज्ञानेश्वरने ते वाचलं आणि अख्खी वेबसाइटच बंद करून टाकली.

ताटं वाढली, पण मामाजी उठले नाहीत. त्यांनी मला हाक मारली आणि कुलदीपला फोन लावायला सांगितला. मला वाटलं, आता बोलतील. मी फोन लावून पुढे केला, तर त्यांनी तो घेतला नाही.

"इचार त्याले, पोचले का."

पोचले होते.

"आंघोळ केली का त्यानं?"

आपल्याकडे मयतीहून आलेला माणूस आंघोळ केल्याशिवाय घरात पाऊल टाकत नाही. बोलायला काय, रागात माणूस बोलून जातो. करतो का, हे वेगळं. मी कुलदीपला विचारलं. तो हळूच म्हणाला, "केली, वैनी. डोक्यावरून."

मामाजी माझ्या तोंडाकडे बघत होते. नाही म्हणावं असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं.

"केली," मी सांगितलं.

त्यांनी मान हलवली. मग ते उठले आणि ओट्यावरची सतरंजी स्वतःच गुंडाळू लागले. मी पुढे झाले, तर त्यांनी मला हात लावू दिला नाही.